लायनरच्या सहा पट्ट्या

घोडेगावात एसटी स्टँडकडून पंचायत समितीकडं निघालं की डाव्या हाताला एका पत्र्याच्या शेडमधून लेथ मशीनचा आवाज येतो. शेड यशोधरा भागुजी वाव्हळ हिची. आत शिरणारा नवा माणूस आधी चारी कोपरे बघतो आणि मग विचारतो, "मिस्त्री कुठंय?" यशोधरा मशीन बंद करत नाही. लोखंडाची साल निघत असते, तिच्यावरची नजरही ती काढत नाही. तशीच म्हणते, "मिस्त्रीच बोलतीय. काय मोडलं?"

वीस वर्षं झाली, हा प्रश्न काही संपला नाही. सुरुवातीला ती चिडायची, मग तिनं पाटीच रंगवून घेतली, 'मिस्त्री : यशोधरा वाव्हळ'. तरी लोक ती पाटी नीट वाचून आत येतात आणि विचारतात, "मिस्त्री कुठंय?" आता अशा माणसांना काय करायचं, तुम्हीच सांगा.

बेचाळीस वर्षांची बाई. आयटीआयला टर्नरचा ट्रेड केला तेव्हा वर्गात एकटी मुलगी होती. लग्न होऊन चाकणला गेली. सासरच्यांना तिच्या हाताला येणारा ग्रीसचा वास सोसेना आणि तिला त्यांची बोलणी सोसेनात. दोन वर्षांनी एक पिशवी आणि एक मायक्रोमीटर घेऊन ती परत आली. पिशवीत काय होतं ते आज तिलाही आठवत नाही. मायक्रोमीटर अजून वापरात आहे.

हे मशीन तिच्या वडलांचं, भागुजींचं. त्यांनी चाळीस वर्षं त्याच्यापुढं उभं राहून उजवा कान घालवला. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश ही रोजची कामं. पण जुन्नर-आंबेगावात भागुजींची खरी ओळख होती ती शर्यतीच्या बैलगाड्यांच्या आखांसाठी. आमच्याकडं बैलगाडा पळतो तो घाटात. घाट म्हणजे डोंगराचा घाट नव्हे, गावाबाहेर बांधून काढलेला मातीचा चढ. गाडा खालून सुटतो आणि बारा-तेरा सेकंदांत वर जातो. त्या एका धावेला बारी म्हणतात. त्या बारा सेकंदांत चाक आखावर जरा जरी अडखळलं तर बैल आणि मालकाची इज्जत, दोन्ही मातीत. भागुजींच्या आखावर फिरलेलं चाक कधी अडखळलं नाही.

आणि बारी सुटायच्या आधी भोंग्यावरून नाव पुकारतात. मालकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव, झालंच तर बैलांचीही नावं. या नावापायी माणसं वर्षभर बैलांना दूध-अंडी घालतात आणि स्वतः चहावर राहतात. भागुजी दर यात्रेला घाटाच्या पायथ्याशी बाभळीखाली हत्यारं घेऊन बसायचे, ऐनवेळी कुणाचा आख बिघडला तर सरळ करून द्यायचे. भोंगा दिवसभर नावं ओकायचा. भागुजींच्या बापाला घाटाच्या वरच्या अंगाला उभं राहू देत नसत. छप्पन सालानंतर त्यांनी धर्म बदलला आणि खालच्या अंगाला उभं राहणंही सोडून दिलं. भागुजींना कुणी अडवलं नाही, चहा पाजला, मिस्त्री मिस्त्री केलं. नाव मात्र चाळीस वर्षांत एकदाही पुकारलं नाही.

"बैलाचं नाव घेत्यात, आखाचं कोण घेतंय," भागुजी हसून म्हणायचे. यशोधराला त्या हसण्याचा राग यायचा, अजून येतो.

गेल्या दिवाळीनंतर पेठ गावचा गोकुळशेठ शेडमध्ये आला. टोमॅटो-कांद्याचा व्यापारी, घाटात नावाजलेले दोन बैल बाळगून असलेला, पस्तिशीचा हौशी माणूस. 'मिस्त्री कुठंय' असं त्यानं विचारलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि उलगडून बाकावर ठेवला. आत लोखंडी पट्टीचे चार-पाच तुकडे होते.

"ताई, असल्या सहा पट्ट्या पायजेत. अख्ख्या."

पट्ट्या कशाच्या, ते त्यानं अर्धा तास सांगितलं. त्याच्या चुलत्याची एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती, एके काळी तिच्यातून टोमॅटोची क्रेट बाजारात जायची. तिच्यात त्यानं रोटरी इंजिन बसवलं होतं. परदेशी गाडीचं, भंगारात आलेलं. या इंजिनात पिस्टन नसतात. पोट फुगलेला एक लोखंडी तिकोन घरात गोल फिरतो आणि त्या फिरण्यावरच पेट्रोल ओढणं, दाबणं, पेटणं, धूर सोडणं सगळं होतं. गोकुळच्या इंजिनात असे दोन तिकोन. तिकोनाच्या प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी, जी घराच्या भिंतीला सतत घासत राहते आणि हवा धरून ठेवते. सगळा खेळ त्या पट्टीवर. ती झिजली की इंजिन दमलं, तुटली की मेलं.

यशोधरानं एक तुकडा उचलून उजेडात धरला. "ही झिजलेली न्हाई. ही तोडलीय. कशी तोडली?"

गोकुळ जरा घुटमळला. "बाहेरून नव्या मागवल्या व्हत्या. बसवल्या, इंजिन चालू केलं आन् मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर नेलं."

"गार इंजिन?"

"आता बारीच्या आधी बैल उसळवतोच की आपण. तसं जरा उसळवलं."

ही चूक दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसानं केली नसती. यशोधरा हसली नाही, पण तिला हसू आलं होतं हे मागं बसलेल्या भागुजींना कळलं.

इंजिन बघायला ती पेठला गेली. गोकुळनं झाकण काढून ठेवलं होतं. तिनं तो तिकोन हातानं फिरवला आणि तिथंच तिचं मन बसलं. साध्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, परत थांबतो. इथं सगळं नुसतं फिरत होतं, तिच्या लेथसारखं. आयुष्यभर फिरत्या लोखंडापुढं उभी राहिलेली बाई ती, तिला ते इंजिन समजावून सांगावं लागलं नाही.

पट्टीला लोखंड कुठलं घ्यायचं, हा मोठा प्रश्न होता. फार कडक घेतलं तर घराची भिंत ओरबाडणार, मऊ घेतलं तर चार दिवसांत झिजणार. तिनं आठ दिवस डोकं खाजवलं. शेवटी भागुजी उठले, शेडमागच्या भंगारातून विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचा लायनर लोळवत घेऊन आले. लायनर म्हणजे ज्याच्यात पिस्टन घासत वर-खाली होतो ते जाड नळकांडं.

"तीस वर्सं पिस्टन घासला ह्याच्यात," ते म्हणाले. "ह्यो घासायला भीत न्हाई."

त्या लायनरच्या अंगातून तिनं उभ्या पट्ट्या कापल्या. ग्राइंडरवर चढवल्या. शेवटचं काम काचेवर पेस्ट लावून हातानं, एकेक पट्टी चार-चार दिवस. तीन मिलिमीटर म्हणजे तीन, या टोकाला आणि त्या टोकालाही. सात काढल्या. सहा इंजिनात गेल्या, एक तिनं ठेवून घेतली.

गोकुळनं पाकीट काढलं तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घाटात गाडी आणणार हाय म्हणता ना? तवा नाव पुकारा. यशोधरा भागुजी वाव्हळ, घोडेगाव. जुगलबंदी."

दोन मालकांनी आपापले बैल एका गाड्याला जुंपले की घाटात त्याला जुगलबंदी म्हणतात. अशा वेळी दोघांची नावं पुकारावी लागतात, एकाचं घेऊन दुसऱ्याचं गाळलं तर तिथल्या तिथं मारामाऱ्या होतात. गोकुळ हे तिच्यापेक्षा जास्त जाणत होता. त्यानं भागुजींच्या समोर टाळी दिली. "पट्ट्या तुमच्या, बाकी गाडी माझी. जुगलबंदी!"

यात्रेचा दिवस चैत्रातला. पेठपासून आत एक गाव आहे, तिथला घाट. यात्रा कमिटीनं ठरवलं होतं की दुपारी बैलांना विसावा देतात तेव्हा गोकुळशेठची रोटरी रिकाम्या घाटातून चढेल, बारीसारखी, घड्याळ लावून. गाडी रस्त्यावरून आणायची सोय नव्हती. असलं इंजिन बदललेलं वाहन आरटीओनं दोन किलोमीटरही चालू दिलं नसतं. म्हणून ती टेम्पोतून आली. गोकुळनं चालू केली, फळ्यांवरून खाली उतरवली, दहा पावलं चालवली आणि कडुनिंबाखाली बंद केली, बैल उतरवून खुंट्याला बांधतात तशी.

यशोधरा भागुजींना घेऊन पोचली तेव्हा गाडीभोवती ही गर्दी. पुण्याहून मोटारवेड्यांचा एक क्लब मुद्दाम आला होता. आणि गाडी होतीच तशी. कर्दळीच्या पानासारखा हिरवा रंग, चाकांवरचे पत्रे ठोकून रुंद केलेले, आतलं मागचं सीट काढून पाइपांचा पिंजरा बसवलेला. मागच्या काचेखाली मात्र चुलत्यानं लावलेली 'मातृकृपा' तशीच ठेवलेली. बॉनेट उघडं होतं आणि त्यावर वाकून दोघं कडाकडा भांडत होते.

एक भरत, पुण्याच्या कारखान्यात इंजिनिअर, हातात कायम काहीतरी मोजायचं यंत्र असलेला. "हे इंजिन नव्हे, व्यसन आहे," तो म्हणत होता. "हजार किलोमीटरला तेल ओता, साठ हजाराला उघडा, आणि अॅव्हरेज विचारू नका."

समोर वृषाली, क्लबातली जुनी सभासद. तिनं कुणाच्या तरी रोटरी गाडीत एकदाच बसून जन्माची भक्ती पत्करली होती. "तुझं पिस्टनचं इंजिन मिनिटाला हजारो वेळा थांबतं, भरत. थांबतं आणि परत निघतं. त्याला तू भरवशाचं म्हणतोस! हे एकदा फिरलं की फिरलं. पार्टच किती कमी आहेत बघ."

"कमी आहेत, पण जो एक आहे तो तुटतो त्याचं काय? सील! टोकाची ती पट्टी!"

"आमच्या बैलांचं अॅव्हरेज कुणी इचारलंय का आजवर?" गर्दीतला एक म्हातारा बोलला आणि सगळे हसले. यशोधराही हसली. असा वाद तिनं उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. तिला वाटलं, पुढं व्हावं आणि सांगावं की दोघांचंही खरं आहे, तिकोन कधी दमत नाही आणि पट्टी कधी सुटी घेत नाही.

तेवढ्यात वृषालीनं विचारलं, "पण गोकुळशेठ, सील कुठले टाकलेत?"

गोकुळनं पुण्याच्या मंडळींकडं बघितलं, त्यांच्या गॉगलकडं, हातातल्या कॅमेऱ्यांकडं. आणि म्हणाला, "जपान. डायरेक्ट जपानवरनं मागवले."

यशोधरा त्याच्यापासून चार पावलांवर उभी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत कापलेला लायनर, कारण तिला वाटलं होतं कुणीतरी विचारेल कशातून काढल्या. गर्दी जरा सैल झाल्यावर तिनं गोकुळला बाजूला गाठलं.

"गोकुळभाऊ, जपान कुठल्या तालुक्यात आलं?"

गोकुळनं आवाज खाली आणला. "ताई, समजून घ्या राव. मोठी मंडळी हायत. घोडेगावात लायनर कापून पट्ट्या काढल्या म्हणलं तर हसत्याल. बारी होऊ द्या, मग निवांत सांगू."

"बारी झाल्यावर नाव पुकारत न्हाईत. आधी पुकारत्यात."

"दिलंय की!" त्यानं खिशातून पुकारणाऱ्याला दिलेल्या चिठ्ठीची प्रत काढून दाखवली. 'गोकुळशेठ आणि मंडळी, पेठ.' "मंडळी लिवलंय, बघा. त्यात तुमी आल्याच."

"मंडळीत तुमचं कुत्रंबी येतं," यशोधरा म्हणाली.

गोकुळ कुणाच्या तरी हाकेला निघून गेला. यशोधरा बाभळीकडं आली. भागुजी आपल्या जुन्या जागी बसले होते, आज हत्यारं नव्हती, नुसते हात मांडीवर. "काय झालं?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. ते नेहमीसारखं हसले आणि म्हणाले, "जाऊ दे यशे. गाडी वर गेली म्हंजे झालं. आपल्याला ठाऊक हाय ना."

"आपल्याला चाळीस वर्सं ठाऊकच हाय, आबा," ती म्हणाली.

दुपारी बैल सावलीला गेले, घाट मोकळा झाला. वरच्या मांडवातून हौशीरामबापूंचा आवाज भोंग्यावर आला. बापू म्हणजे या पंचक्रोशीतला पुकारणारा माणूस, सत्तरीला आलेला, हजारभर बैलांची नावं आणि वंश तोंडपाठ. "आता येतीय, पेठचे गोकुळशेठ आणि मंडळी यांची रोटरी गाडी! वाट द्या, घाट मोकळा करा!"

गोकुळनं किल्ली फिरवली. स्टार्टर कुरकुरला. परत फिरवली. परत. इंजिन काही बोलेना. पेट्रोलचा वास सुटला. घाटाच्या दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींवर बसलेली हजार-दीड हजार माणसं आधी माना लांबवून बघत होती, मग शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "शेठ, बैल लावा पुढं!"

भरतनं कान देऊन स्टार्टरचा आवाज ऐकला आणि मान हलवली. "कॉम्प्रेशन नाही. आत हवाच धरत नाही. संपलं. सील गेले."

गोकुळ घामाघूम होऊन गाडीतून उतरला. सगळे त्याच्याचकडं बघत होते. आणि मग तो बोलला, चांगला मोठ्यानं बोलला. "आता मी तरी काय करू! पट्ट्या घोडेगावच्या हायत, तिथल्या लेथवाल्या बाईनं काढलेल्या."

हे बाभळीखाली ऐकू आलं. यशोधराला क्षणभर खरंच वाटेना. मग तिनं पिशवी खांद्याला अडकवली. भागुजींनी तिचा पदर धरल्यासारखा केला आणि सोडून दिला. ती घाटात उतरली, माणसं आपोआप बाजूला झाली.

"चाललं तर जपान आन् अडलं तर घोडेगाव व्हय?" ती गोकुळसमोर उभी राहून म्हणाली. "होय, घोडेगावच्याच हायत. मी काढल्यात. आन् त्या शाबूत हायत."

"बाई, कॉम्प्रेशनच नाही," भरत म्हणाला, समजुतीच्या सुरात.

तिनं पिशवीतून कापलेला लायनर काढून त्याच्या हातात दिला आणि वर ती सातवी पट्टी ठेवली. "मोजा. तुमच्याकडं मोजायचं हाय ना? तवर मी इंजिन बघते."

भरतनं मोजलं. या टोकाला, त्या टोकाला, मधे. मोबाइलवर कसलासा तक्ता उघडला, परत मोजलं. मग त्यानं वृषालीला जवळ बोलावलं आणि पट्टी तिच्या तळहातावर ठेवली. दोघांचा सकाळपासूनचा वाद तेवढ्यापुरता थांबला.

इकडं यशोधरा गोकुळला विचारत होती, "सकाळी टेंपोतनं उतरवताना चालू केली व्हती?"

"व्हय."

"किती येळ?"

"दहा पावलं चालवली आन् बांधली. मंजी, बंद केली."

"मी काय सांगितलं व्हतं? गार असताना चालू केलं तर तापूस्तोवर बंद करायचं न्हाई. सांगितलं व्हतं का न्हाई?" गोकुळनं मान खाली घातली. "पेट्रोल पिऊन बसलंय ते. भिंतीवरचं तेल धुऊन गेलंय, मग हवा कशी धरंल? पट्ट्या गेल्या म्हणं!"

तिनं गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज उपटला. चारी प्लग काढून पदरानं पुसले. नळीनं आत थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं. गोकुळला आत बसवून म्हणाली, "अॅक्सिलेटर तळापर्यंत दाबा आन् मारा स्टार्टर." प्लगच्या भोकांतून पेट्रोलचे फवारे उडाले, पुढची माणसं मागं पळाली. मग तिनं प्लग बसवले, फ्यूज लावला. "आता मारा."

इंजिन एकदा खोकलं. दुसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट निघाला, त्यात अर्धी भिंत दिसेनाशी झाली. आणि धुरातून आवाज आला. धडधड नाही, दणका नाही, एकसारखा चढत जाणारा आवाज, लेथच्या शेडमध्ये वाढलेल्या बाईला ओळखीचा. घाटात आरोळी उठली. वृषाली लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती.

पाच मिनिटं तिनं गाडी नुसती तापू दिली. काटा वर आल्यावर गोकुळनं गिअर टाकला आणि समोर बघितलं. यशोधरा गाडीच्या पुढं उभी होती, घाटाच्या बरोबर तोंडात.

"ताई, बाजूला व्हा."

ती हलली नाही. तिनं वर मांडवाकडं तोंड केलं आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "बापू! चिठ्ठी चुकलीय!"

"बाई, घाट मोकळा करा," भोंगा म्हणाला.

"जुगलबंदी हाय! दोन नावं पायजेत!"

भिंतीवर कुजबुज पसरली. जुगलबंदी म्हटल्यावर घाटातला माणूस कान टवकारतो, मग समोर बैल असोत की मोटार. कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसानं घाटात आडवं व्हायचं न्हाई." यशोधरानं त्या बाजूला बघून विचारलं, "कुठं लिवलंय?" ते कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नाही.

हौशीरामबापूंनी भोंगा जरा बंद ठेवला, मग परत चालू केला. बापू खोट्याला घाबरत नसले तरी रीतीला घाबरत. "गोकुळशेठ, मालक तुमी. तुमच्या तोंडानं कळू द्या. हाय का जुगलबंदी?"

आता सगळा घाट गोकुळकडं बघत होता. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. पायाखाली इंजिन फिरत होतं, आणि ते कुणी चालू केलं ते हजार-दीड हजार माणसांनी डोळ्यांनी बघितलं होतं. यशोधरा त्याच्याकडं वळली नाही. पाठ त्याच्याकडं आणि तोंड वर, अशी उभी राहिली. गाडी अंगावर घातली असती तरी ती हलली नसती, आणि हे गोकुळला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि दोन बोटं वर केली.

"जुगलबंदी!" बापूंनी पुकारलं. मग थांबून, आवाज मऊ करून म्हणाले, "पोरी, दुसरं नाव भागुजी मिस्त्रींचं पुकारतो. वडीलधारे हायत, चाळीस वर्सं घाटाची सेवा केलीय. चालंल ना?"

बाभळीकडं बघायची तिची छाती झाली नाही. आबांचं नाव, एकट्या आबांचं, या भोंग्यावरून. पण पट्ट्या तिनं काढल्या होत्या. लेथवाल्या बाईनं काढल्या, असं दोष देताना सगळ्यांनी ऐकलं होतं, मग आता का नको?

"माझं पुकारा, बापू," ती म्हणाली. "आबांचं त्यात येतंच."

आणि मग ते नाव आलं. डोंगराला लागून परत आलं. "पेठचे गोकुळशेठ, आणि घोडेगावच्या मिस्त्री यशोधरा भागुजी वाव्हळ, यांची जुगलबंदी! घाट मोकळा करा!"

ती बाजूला झाली. गाडी तिच्या अंगावर माती उडवत सुटली.

खरं सांगायचं तर गाडीनं फार मोठा पराक्रम केला नाही. सुट्या मातीत मागची चाकं नुसती फिरत राहिली, अर्ध्यात गाडी आडवी होते की काय असं वाटलं, आणि घड्याळात साडेतेरा सेकंद लागले. सकाळचा पहिला बैलगाडा साडेबारात वर गेला होता. हे भोंग्यावर सांगितल्याबरोबर घाटात असा काही जल्लोष झाला की विचारू नका. बैलवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. भरत वृषालीला म्हणाला, "बघ, पिस्टन नाही, रोटरी नाही, बैलच." पण इंजिन वर जाऊनही त्याच एकसारख्या आवाजात फिरत होतं, आणि भरतच तिथं पळत जाऊन कान लावून आला. येताना त्यानं लायनर यशोधराच्या हातात परत दिला. सातवी पट्टी दिली नाही. "ही मी ठेवू का?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "घोडेगावला या, तुमच्यासमोर काढून देते. ही माझी हाय." त्यानं मुकाट्यानं दिली.

ती बाभळीकडं आली तेव्हा भागुजी उभे होते. केव्हापासून उभे होते कोण जाणे. काठी खाली पडली होती आणि ती उचलायचं त्यांना सुचलं नव्हतं. तिनं काठी उचलून हातात दिली.

"ऐकलंत का आबा?"

भागुजींनी नाक ओढलं. घाटाकडं बघत म्हणाले, "न्हाई बा. भोंगा पडला उजव्या अंगाला. ह्या कानानं कुठं काय ऐकू येतंय मला." भोंगा त्यांच्या डाव्या हाताला होता आणि डावा कान शाबूत होता. "परत पुकारायला सांग."

यशोधरा घाटाची चढण चढून मांडवात गेली. हौशीरामबापू पुढच्या गाड्याची चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचत होते.

"बापू, परत पुकारा."

"अगं, बारी झाली की तुमची."

"झाली असंल. आबांना ऐकू आलं न्हाई. परत पुकारा."

बापूंनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. मग खाली बाभळीकडं बघितलं. हातातली चिठ्ठी त्यांनी बाजूला ठेवली, तिची शोधून काढली आणि भोंगा चालू केला.